घर तुमचं, ताबा आमचा

आबा, यंदा दसऱ्याला आमच्या भिंती तशाच राहिल्या. 'आमच्या' म्हणाले बघा. इतक्या वर्षांची सवय, ती तुम्ही गेलात म्हणून एकाएकी कशी सुटणार? तुमच्या भिंती तशाच राहिल्या. दर वर्षी घटस्थापनेच्या आधी तुम्ही कळस गावाहून पहिल्या एसटीनं यायचात, डोक्याला टॉवेल गुंडाळायचात आणि परसात पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना भिजवायचात. पाणी पडलं की तो रटरटायला लागायचा. मग त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ. यंदा तुम्ही घट बसायच्या आधीच गेलात. ह्यांनी मला विचारलं, "एखादा रंगारी बोलवू का?" मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आपटत बसले.

तुमच्यावर लिहायला मला काय हक्क आहे, असं तुम्ही कधीच विचारलं नसतं. मीच विचारतेय. तुमच्या नात्याची नाही, गावची नाही. तुम्ही घरमालक, आम्ही भाडेकरू. तुम्ही आमच्यावर कोर्टात दावा लावलात आणि आम्ही तो जिंकलो. सगळं उघड्यावर झालं, तुम्हाला ठाऊक नव्हतं असं यात काहीच नाही. तरीही तुमच्या जाण्याचं सुतक जणू मला लागलंय, आणि ते दहा-बारा दिवसांत फिटेल असं वाटत नाही.

आम्ही राहायला आलो तो दिवस आठवतो. माझं लग्न नवं, नोकरी नवी, नगरपालिकेच्या शाळेतली. तुम्ही बापजाद्यांची मेंढरं विकून बारामतीत ही चार खोल्यांची जागा उभी केली होती, आणि अजून तिला ओल्या सिमेंटचा वास होता. किल्ली माझ्या हातात दिलीत, ह्यांच्या नाही. म्हणालात, "घ्या बाई. घर तुमचंच समजा." असं सगळेच म्हणतात. पण तुम्ही खरोखर तसं वागलात. थोरल्याच्या वेळी मी बाळंत होऊन आले तर वाशाला पाळण्याची कडी ठोकून तयार होती. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं, खाली बसून स्वयंपाक जमेना, तेव्हा तुम्हीच ह्यांना दरडावलंत, "बाईला हुबं राहून करता यील असा ओटा बांधा की! मालकाला इचारायची कसली वाट बघताय?" ओटा बांधला. त्यावर मी आजही भाकरी करते.

तुमच्यावर माझा एकच राग असायचा. तुम्ही आलात की पायरीवर बसायचात. आत या म्हटलं तर "बरं हाय हितं, वारं लागतंय" म्हणायचात. उन्हाळ्यात, पायरी तापून पोळत असतानासुद्धा! मला वाटायचं, हा म्हाताऱ्याचा हट्ट. फक्त चुना द्यायच्या दिवशी तुम्ही आत यायचात. तुमच्या मंडळी आक्का बादली धरायच्या आणि तुम्ही एकेका खोलीत कुंचा फिरवत जायचात, कोपऱ्यात थांबायचात, खिडकीची कडी लावून बघायचात, वाशाकडं मान वर करून किती वेळ उभे राहायचात. मी घाई करायचे, मला शाळा असायची. वर्षातनं एकदाच तुम्हाला तुमचं घर आतून बघायला मिळत होतं, हे माझ्या डोक्यात यंदा आलं. पोरांना शिकवते म्हणे मी.

मग बारामती वाढायला लागली. एमआयडीसी आली, कॉलेजं वाढली, कालव्याच्या पलीकडं प्लॉट पडले. शेजारपाजारचे मालक भाडेकरूंना उठवून वर मजले चढवायला लागले. तुम्ही तसलं काही मनात आणलं नाहीत. पण आक्कांचा दमा वाढला. रात्री-अपरात्री कळसहून गाडी कुठं मिळायची? तेव्हा तुम्ही पायरीवर बसून, टॉवेलनं चप्पल झटकत म्हणालात, "बाई, जमलं तर बघा. हिला दवाखाना जवळ पडंल. दुसरी जागा तुमाला म्याच हुडकून देतो." विनवणीच होती ती. मालकानं भाडेकरूला करावी अशी.

ह्यांनी नाही म्हटलं. ह्यांना एकट्याला दोष देणार नाही, आणि कायद्यालाही देणार नाही. ह्यांचं लहानपण इंदापुरात भाड्याच्या खोलीत गेलं. तिथल्या मालकानं एका दुपारी ह्यांच्या आईची भांडी रस्त्यावर काढली. लाटणं गटारात पडलं आणि ते उचलू की नको म्हणून आई रडत उभी राहिली होती, हे अजूनही जेवताना ह्यांच्या घशाशी येतं. पतसंस्थेत कारकुनी करणारा माणूस, पण भाडेकायद्याची कलमं पोरांच्या पाढ्यांसारखी पाठ. "कायदा नसता तर आपण कुठं असतो, माहितेय?" हे विचारायचे, आणि ते खरंच होतं. आमच्याकडं दुसरी जागा नव्हती, हेही खरं. त्या वाढत्या गावात आम्हाला परवडेल असं भाडं कुठंच उरलं नव्हतं. कायदा होता तो ह्यांच्या आईसारख्यांसाठी. आम्ही तो वापरला तुमच्यासारख्यावर. इथंच माझी मान खाली जाते, आणि ह्यांची जात नाही, म्हणून आमची भांडणं होतात.

गावातल्या कुणीतरी तुम्हाला वकील गाठून दिला आणि दावा दाखल झाला. आता आबा तोंड बघायचे नाहीत, असं वाटलं. तर दसऱ्याच्या आधी तुम्ही हजर, डोक्याला टॉवेल, हातात कुंचा. मी दारात आडवी आले. "आबा, अहो, आपलं कोर्टात चाललंय!"

"मग? कोर्ट येनार हाय व्हय चुना द्यायला? सरका."

हे आतून म्हणाले, "देऊ दे. दुरुस्ती, रंगसफेदी हे मालकाचं कामच असतं कायद्यानं." तुम्ही ऐकलंत. आक्कांनीही ऐकलं, बादली हातात धरून. कुंचा एकदा निथळवलात आणि कामाला लागलात. त्या वर्षीचा चुना सगळ्यात सुरेख बसला होता.

कोर्टातला तो दिवस मला नको असताना आठवतो. साक्षीला तुम्ही उभे, धुतलेला पटका, नवी बंडी. मागच्या बाकावर तुमचा मुलगा दत्ता, तो तुम्हाला मोटरसायकलवरून घेऊन आला होता. आधी ओट्याचा विषय निघाला. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, म्हणून भाडेकरूला उठवता येतं. तुमच्या वकिलानं दाव्यात ते ठासून घातलं होतं. तेवढ्यावरसुद्धा तुम्ही जिंकला असतात. आमच्या वकिलानं विचारलं, ओटा बांधायला कुणी सांगितलं? तुम्ही म्हणालात, "म्याच. बाईचं पोट फाडलं हुतं, तिनं काय वाकून मरायचं व्हय?" तुमच्या वकिलानं डोक्याला हात लावला.

मग गरजेचा प्रश्न आला. तुम्हाला घराची गरज आहे की आम्हाला, आणि कुणाची अडचण जास्त, हे कोर्टाला ठरवायचं होतं. आता आबा बोलतील, असं मला वाटलं. कारण मला सगळं माहीत होतं. आक्कांनी आमच्याच परसातल्या नळावर मला सांगितलं होतं: दत्तानं उसाच्या जिवावर स्लॅबचं घर बांधलं, आणि तुम्ही दोघं गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये. सून ताट भिंतीवर ठेवते आणि हाक न मारता जाते. कधी मांजर तोंड घालतं. हे सांगताना आक्का मागं वळून बघत होत्या, तुम्ही ऐकत नाही ना म्हणून.

आमच्या वकिलानं विचारलं, "बाबा, मुलगा सांभाळतो का तुम्हाला?"

"सांभाळतोय की. न सांभाळायला काय झालं?"

"जेवणखाण वेळेवर?"

"हे काय इचारनं झालं, साहेब? दूधदुभतं हाय घरात. सून हातावर पानी घालती."

"गावात राहायला घर चांगलं आहे?"

"स्लॅबचं हाय. गावात न्हाय कुनाचं तसलं."

जजसाहेबांनाच राहवलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, नीट विचार करून सांगा. तुम्हाला तिकडं काही अडचण आहे का? सांगायला लाजू नका." तुम्ही एकदा मागच्या बाकाकडं पाहिलंत. दत्ता जमिनीकडं बघत होता. मग तुम्ही हात जोडलेत. "न्हाय साहेब. देवाच्या दयेनं कायबी कमी न्हाय."

"मग बारामतीचं घर कशाला पाहिजे?"

"आपलं हाय म्हनून," म्हणालात.

आबा, जिथं खरं बोलून आमचा फायदा होता तिथं तुम्ही खरं बोललात, आणि जिथं खरं बोलून तुमचा फायदा होता तिथं खोटं. मी मागं बसले होते, शाळेतून रजा काढून. उठून सांगावं असं वाटलं, की अहो, आबा शेडमध्ये राहतात. पण भाडेकरणीनं उठून मालकाची बाजू मांडायची, असं कुठं असतं? आणि शेजारी हे बसले होते, आणि घरी माझी दोन पोरं होती, त्यातलं एक दहावीला.

कोर्टातून तुम्ही सरळ आमच्याकडं आलात. दत्ता मोटरसायकल घेऊन पुढं निघून गेला होता, तुम्हाला एसटी संध्याकाळची. पायरीवर बसलात. मी चहा आणला, तो द्यायच्या आधीच तुमच्यावर ओरडले. "का खोटं बोललात?"

"हळू बोला, बाई. माणसं जात्यात."

"जाऊ देत! शेडमध्ये राहता, हे सांगायला काय झालं?"

"चारचौघात पोराची अब्रू काढू व्हय? कुनी पोरगी देईल का त्याच्या पोराला उद्या?"

"आणि तुमच्या म्हातारपणाचं काय? आक्कांच्या दम्याचं?"

तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकलात. "तुमी का एवढ्या तापताय? तुमचं तर भलंच झालं की." अगदी सहज म्हणालात, टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. आपलं हे भांडण तिथंच राहिलं. नंतर जेव्हा जेव्हा मी विषय काढला तेव्हा तुम्ही पोरांच्या मार्कांचं विचारलंत.

निकाल लागला त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. मी म्हटलं, आणू नका. तरी आणले. वर्षानुवर्षांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं त्यांच्या, लाटण्याचं. नेमके तुम्ही दारात. निकालाचं ऐकून, तोच एसटीपर्यंतचा वेळ काढायला आलेले. बॉक्स टेबलावर उघडा. ह्यांना काय करावं कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही कलम सुचेना. तुम्हीच हात पुढं केलात. "द्या की. आमच्या घरात पेढं वाटायची येळ आली, आनि मला न्हाय व्हय?" अर्धा खाल्लात आणि अर्धा आक्कांसाठी रुमालात बांधून घेतलात. मी त्यानंतर पेढा खाल्लेला नाही. पोरगा पास झाला तेव्हासुद्धा नाही.

वरच्या कोर्टात तुम्ही गेला नाहीत. चुना द्यायला मात्र येत राहिलात. शेवटी शेवटी शिडीवर चढवेना, तेव्हा हात पुरेल तिथपर्यंत द्यायचात, आणि वरचा भाग पिवळा राहायचा. हे शिडीवर चढतो म्हणाले तर तुम्ही कुंचा दिला नाहीत. कुंच्याच्या बाबतीत मात्र तुम्ही कधी कुणाचं चालू दिलं नाहीत.

तुम्ही गेल्याचं शेजारच्या एसटीडी बूथवरच्या पोरानं येऊन सांगितलं. दहाव्याला आम्ही दोघं कळसला आलो. दत्तानं स्लॅबच्या घरापुढं मांडव घातला होता. शेड मी पहिल्यांदा पाहिली. बाज, एक ट्रंक, आणि पत्र्याला आतून चुना दिलेला, तुमच्या हाताचा, निळसर. कुठला पत्रा असा शोभून दिसतो? मी तिथं जास्त वेळ उभी राहू शकले नाही.

बायकांमध्ये जाऊन बसले. कुणीतरी विचारलं, "ह्या कोन?" भाडेकरू, असं सांगायला माझं तोंड उघडेना. आक्का पदराआडून म्हणाल्या, "बारामतीच्या हायेत. आमच्या घरातल्या." बायकांनी माना डोलावल्या आणि मला सरकून जागा दिली. आबा, कोर्टानं मला जेवढं लाजवलं नव्हतं तेवढं त्या चार बायकांच्या सरकण्यानं लाजवलं.

निघताना दत्तानं ह्यांना बाजूला घेतलं. मी ऐकत होते. "घराला गिऱ्हाईक हाय. पाडून बिल्डिंग करनार म्हनतोय. म्हातारीचा अंगठा घेतला की झालं. तुमी तेवढं उठा, तुमाला मोकळ्या हातानं न्हाय लावायचो." म्हणजे ज्या घरासाठी तुम्ही बापलेकाची अब्रू झाकून हरलात, ते आता दत्ता विकणार, आणि आक्का शेडमध्येच. ह्यांच्या चेहऱ्यावर मला मोह दिसला. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात क्षणभर नवा फ्लॅट, टाइल्सचं बाथरूम येऊन गेलं. नवा भाडेकायदा येणार येणार अशी बोलणी चालू आहेत, त्यात आपलं काय होईल कुणास ठाऊक, हेही आलं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, जरा मोठ्यानंच. "आम्ही उठणार नाही. ताबा आमचा आहे. कोर्टानं दिलाय." दत्ता बघतच राहिला. भाडेकरू उठल्याशिवाय त्याचं गिऱ्हाईक घराला हात लावणार नव्हतं. मी म्हटलं, "आणि आक्कांना दवाखान्याजवळ राहू दे थोडे दिवस. आमच्याकडं." पाहुणेरावळे भोवती होते. चारचौघांत त्याला नाही म्हणता आलं नाही. तुमच्याकडून एवढं तर शिकले मी.

एसटीत ह्यांनी आधी तिकिटं काढली. मग म्हणाले, "पण भाडेकरूनं पोटभाडेकरू ठेवला तर जागा जाते, माहितेय ना?"

"मालकिणीला पोटभाडेकरू म्हणतात का, ते कलम शोधा," मी म्हटलं. मला हसू आलं आणि लगेच रडू. ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पुढच्या खोलीतलं ह्यांचं कपाट आणि टेबल परसात काढलेलं, आणि तिथं कॉट टाकलेली. हे नळावर चादर धूत होते.

काल आक्का आल्या, आबा. रिक्षातून उतरल्या, काखेत गाठोडं, हातात तुमचा कुंचा. धाप लागली होती. तुम्ही बसायचात त्याच पायरीवर बसल्या. मी आत या म्हटलं तर म्हणाल्या, "बरं हाय हितं. वारं लागतंय." मी त्यांचा हात धरला, अक्षरशः ओढला. त्यांनी चपला काढून खालच्या पायरीला, भिंतीकडेला, कुणाच्या पायात येणार नाहीत अशा ठेवल्या. उंबऱ्याशी थांबून विचारलं, "येऊ का?"

"असं काय विचारता, आक्का? घर..." पुढचं मला म्हणता आलं नाही. ते तुमचं वाक्य होतं, तुम्ही किल्ली देताना म्हटलेलं, आणि मी त्याचं काय केलं ते तुम्ही पाहिलंय.

त्या आत आल्या. कुंचा कोपऱ्यात उभा केला. वर वाशाकडं पाहिलं, पाळण्याच्या कडीकडं पाहिलं, पिवळ्या पडलेल्या भिंतीवरून हात फिरवला. कॉट समोर मांडलेली होती, धुतलेली चादर घातलेली. तरी त्या भिंतीला पाठ लावून तशाच उभ्या राहिल्या, आणि पदर सावरत मला म्हणाल्या, "बाई, म्या कुठं बसू?"